चकाकी विकणाऱ्या ठेकेदारास

ठेकेदार साहेब,

पत्राच्या आरंभी 'सप्रेम' लिहिण्याची आपली रीत आहे. ती आज मोडते, कारण या पत्रात एकही खोटा शब्द लिहायचा नाही असे ठरवले आहे. तुमचे नाव लिहीत नाही, दुकानाचेही नाही. पहिल्या चार ओळींतच तुम्हाला ओळख पटेल. तुमच्याच वाटेने धंदा करणारे आणखीही आहेत, त्यांनाही ती पटावी म्हणून पाकीट न डकवता लिहिते आहे.

माझ्यासमोर एक पापुद्रा ठेवला आहे. तळहाताएवढा. शिरूर तालुक्यात घोड धरणाच्या फुगवट्याला माझ्या धाकट्या भावाचे रान आहे. तिथे त्याने मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या आणि पाण्याच्या अंगाला एक लाकडी डेक तुमच्याकडून बांधून घेतला. १८ फूट लांब, १० फूट रुंद. त्या डेकला तुम्ही पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे पाच हात मारलेत, "आता सात वर्षं बघायला नको" म्हणालात आणि पैसे मोजून घेऊन गेलात. दुसरा पावसाळा सरल्यावर मी तिथे गेले, तर सगळा डेक कांजिण्या आलेल्या पोरासारखा फोडांनी भरलेला. एका फोडाच्या कडेला नख घातले आणि हा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा उलगडून हातात आला.

वरून तो अजूनही चमकतो. तेवढेच तुम्हाला जमते. पण तो उलटा करून उजेडात धरला की पाठीला लाकडाचे बारीक, पांढुरके तंतू चिकटलेले दिसतात. तुमचा थर लाकडापासून सुटलेला नाही, साहेब. थराखाली लाकूडच लाकडापासून सुटले आहे. हे कशामुळे झाले असे मी फोनवर विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाण्याजवळ आहे ना ताई, दमटपणानं होतं." एवढे बोलून तुम्ही फोन ठेवलात. नंतरचे माझे सात फोन तुम्ही उचलले नाहीत. म्हणून जे फोनवर बोलायचे होते ते इथे बोलते.

मी सुताराची लेक. माहेर शिरूरच्या जुन्या गावातले. आम्ही जुनी माणसे त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतो. वडिलांकडे बैलगाड्यांचे काम यायचे, दारे-चौकटींचे यायचे, आणि मोटा बंद पडायच्या आधीची शेवटची काही वर्षे विहिरीवरचा कणा बसवण्याचेही यायचे. कणा म्हणजे मोटेचा सोंदूर (दोर) ज्यावरून सरकतो तो लाकडी रूळ. दिवसभर पाण्याने भिजायचा, दुपारी उन्हात तापायचा, रात्री गार पडायचा. बाभळीचा असायचा. त्याला कुणी कधी चकाकी आणली नाही, आणि तो वर्षानुवर्षे फिरला. गावातल्या वाड्यांच्या दिंडीदरवाजांना वडील दिवाळीआधी बेलतेल लावायचे. जवसाचे उकळवलेले तेल ते, चिंधीने चोळून चोळून जिरवायचे आणि उरलेले कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. दुकानात डबाबंद चकचकीत वार्निश येऊ लागले तेव्हा त्यांनी ते आतल्या कपाटांना वापरले, बाहेर कधीच नाही. म्हणायचे, तेल लाकडाच्या पोटात जातं, वार्निश पाठीवर बसतं, आणि पाठीवर बसलेल्याला ऊन उठवतं.

तुम्ही त्या उन्हाचा हिशेबच धरला नाहीत. डेक पाण्याकाठी आहे म्हणजे वैरी पाणीच, असे गृहीत धरून वर जाड, पाणी न शिरणारा थर चढवलात. अहो, हा शिरूर-दौंडचा मुलूख आहे. कोकण नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा, वर्षाला पाऊस पडून पडून पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्या पावसाने भिजायचे दिवस थोडे आणि उन्हाने भाजायचे दिवस फार. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात डेकच्या फळीवर अनवाणी पाय टेकवत नाही. इथल्या उघड्या लाकडाचा पहिला वैरी सूर्य, पाण्याचा नंबर त्याच्यामागून. आणि तुमचा थर काचेसारखा पारदर्शक होता.

पारदर्शक थरातून उजेड आरपार जातो, त्याबरोबर अतिनील किरणही जातात. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, जणू लाकडाची खळच. तो हे किरण शोषतो आणि तुटतो. वरचा थर शाबूत असताना आतल्या आत लाकडाचा सर्वांत वरचा पदर पिठासारखा मोकळा होत जातो. तंतू सुटे झाले की त्यांना धरून बसलेला थरही त्यांच्यासकट उचलला जातो. माझ्या हातातल्या पापुद्र्याच्या पाठीवर जे तंतू आहेत त्यांचा अर्थ हा. दमटपणाने झाले, ही तुमची सबब या तंतूंनीच खोडून काढली आहे.

पाण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. लाकूड जिवंत नसले तरी निर्जीवही नसते. हवेतला ओलावा घेऊन ते रुंदीत फुगते आणि सुकले की आक्रसते. फुगवट्याच्या काठावर तर पहाटेचे दव, दुपारचे रणरणते ऊन आणि संध्याकाळी पाण्यावरून येणारा गार वारा हे एका दिवसातले तीन ऋतू आहेत. फळी रोज थोडी हलते. कडक झालेला थर तिच्याबरोबर हलू शकत नाही, मग तो केसाएवढ्या भेगांनी तडकतो. त्या भेगेतून पावसाचे पाणी आत शिरते. शिरलेले पाणी बाहेर पडायला मात्र वाट नाही, कारण पाच हातांचे झाकण तुम्ही वर घट्ट बसवले आहे. ऊन पडले की ते आतले पाणी वाफ होऊन थराला खालून ढकलते. फोड येतात ते असे. पाणी बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या थराने पाणी आत कोंडले.

कोंडलेल्या ओलाव्याचे पुढे काय होते तेही तुम्हाला ठाऊक असायला हवे होते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की कुजवणारी बुरशी वाढत नाही. तो त्याच्या बराच वर जाऊन टिकून राहिला की तिला हवे ते सगळे मिळते: लाकूड, पाणी आणि हवा. हवा हा शब्द महत्त्वाचा आहे. सतत पाण्याखाली बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. म्हणूनच जुनी माणसे विहिरीच्या तळाच्या कड्याला उंबराचे लाकूड घालत. जे लाकूड भिजते, सुकते, पुन्हा भिजते, त्याचे हाल सर्वांत वाईट. घोड धरणाचा फुगवटा पावसाळ्यानंतर डेकच्या खांबांपर्यंत येतो आणि उन्हाळ्यात शेवटच्या दगडापलीकडे हटतो. त्या खांबांवर ओल्या-सुक्याची जी रेघ आहे, तिच्यावर बोट दाबले तर बोट आत जाते. तुम्ही ते खांब थेट काळ्या मातीत गाडलेत. दगडावर टेकवले नाहीत, लोखंडी बैठकीवर उचलले नाहीत. वाळवीने वाट शोधायला आठवडाही घेतला नसेल.

आता लाकडाविषयी. "सागवानच आहे, घाबरू नका," असे तुम्ही भावाला सांगितले होते. सागवान होते हे खरे. पण सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो, तपकिरी सोनेरी गाभ्यात. सालीलगतची फिकट, पांढुरकी कड कोणत्याही झाडाची असो, ती कुजते आणि किडते. परदेशी लागवडीतला कोवळा साग आपल्याकडे भरपूर येतो. त्यात ही पांढरी कड जास्त असते आणि सुताराला ती लांबूनही ओळखता येते. डेकच्या फळ्यांत मी ती मोजली: दर तिसरी फळी एका कडेने पांढरी. ती कड खाली, जमिनीकडे लपवून बसवली आहे. लपवली आहे म्हणजे ती काय आहे हे तुम्हाला माहीत होते. अज्ञानाची चूक मी माफ करू शकले असते. ही चूक नव्हे.

फळ्यांची टोके तुम्ही कोरी ठेवलीत. झाडाचे पाणी ज्या नळ्यांतून मुळापासून शेंड्याकडे चढते त्याच फळीच्या कापलेल्या टोकाला उघड्या पडलेल्या असतात. फळीच्या पाठीपेक्षा टोक कितीतरी पटींनी वेगाने पाणी पिते. डेकच्या वरच्या बाजूला पाच हात, आणि जिथे खरी तहान आहे तिथे एकही नाही. फळ्यांच्या खालच्या बाजूलाही नाही. साधे लोखंडी स्क्रू वापरलेत. सागातला टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की शाईसारखा काळा डाग पडतो, तो प्रत्येक स्क्रूभोवती पडला आहे. दोन फळ्यांत पाणी निथळायला पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवायची, ती तुम्ही लांबी भरून बुजवलीत, का तर वरून सलग आरशासारखे दिसावे.

त्या आरशावर माझी आई घसरली.

आई ७८ वर्षांची आहे. श्रावणातली सकाळ होती, रात्री भुरभूर येऊन गेली होती. ती तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला डेकवर गेली. रोज ज्या ओबडधोबड दगडी पायऱ्यांवरून ती नदीत उतरायची, तिथे ती ७० वर्षांत एकदाही पडली नव्हती. तुमच्या डेकवर तिसऱ्या पावलाला पडली. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि आजही तिला त्या हाताने भाकरी थापता येत नाही. तिला भाकरी थापता येत नाही हे वाक्य तुम्हाला छोटे वाटेल. आमच्या घरात ते फार मोठे आहे.

आतल्या टेबलाला जसे ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घोटतात तसे तुम्ही डेकला घोटलेत आणि वर काचेचा लेप दिलात. बाहेरच्या लाकडाला ८० नंबरवर, फार तर १०० वर थांबायचे असते. त्याने पायाला पकड राहते आणि तेल आत जायला लाकडाची तोंडे उघडी राहतात. ही काही गुप्त विद्या नव्हे. बाहेर वापरायच्या चांगल्या तेलांच्या डब्यावर ती छापलेली असते. पण तुम्ही तो डबा आणलाच नव्हता; जो आणलात त्याच्यावर 'घराच्या आतील वापरासाठी' असे लिहिलेले आहे. रिकामा डबा भावाच्या गोठ्यात सापडला. भावाने त्यात पेंड ठेवली होती.

माझे सासर दौंडला. तिथे लाकूड आणि पाऊस यांची गाठ रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, दौंड-मनमाड १८७८ मध्ये, आणि दौंड जंक्शन झाले. सिमेंटचे स्लीपर येण्यापूर्वी रुळाखाली लाकडी स्लीपर असत. खडीत, पावसात, उन्हात, वर गाड्यांचे वजन. त्यांना कुणी चमकवत नव्हते. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट नावाचे काळे तेल मोठ्या टाक्यांत दाबाखाली लाकडाच्या आत भरले जाई. इंग्लंडात जॉन बेथेल याने या पद्धतीचे पेटंट १८३८ मध्ये घेतले होते. आपल्या देशातही यावर मोठे काम झाले आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे असे मिश्रण शोधले की ते लाकडात शिरल्यावर तंतूंना धरून बसते आणि पाण्याने सहज धुतले जात नाही. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याला 'आस्कू' नाव पडले, आणि पुढे जगभरचे विजेचे खांब आणि धक्के त्यावर उभे राहिले. एका भारतीयाची ही कामगिरी आपल्या शाळांत शिकवली जात नाही याचे मला वाईट वाटते.

हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की कुजण्यापासून लाकूड वाचवणे हे एक काम आहे आणि उन्हापासून वाचवणे हे दुसरे. पहिले काम लाकडाच्या आत होते, दुसरे पृष्ठभागावर. तुम्ही पहिले केले नाहीत आणि दुसरे उलटे केलेत. यावर कुणी म्हणेल की मग आस्कू मारलेले लाकूड किंवा भंगारात मिळणारे जुने स्लीपरच आणावेत. तेही नको. क्रिओसोट विषारी आहे, उन्हात तापले की पाझरते. आस्कूसारख्या आर्सेनिकयुक्त लाकडाचा घरगुती वापर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबवला गेला. ज्या फळ्यांवर पोरे पालथी पडून मासे बघतात, तिथे हे विष नको. आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली मिश्रणे आता मिळतात. खांब आणि तुळयांना ती पुरतात. आपल्या देशात लाकूड टिकवण्याची भारतीय मानकाची संहिता आहे, तिचा क्रमांक ४०१. तुम्ही ती वाचा. मी वाचली आहे.

दौंडच्या बाजूचीच आणखी एक आठवण. शिरापूरहून भीमा ओलांडून पलीकडे सिद्धटेकला जायला होडी असायची. लहान मुलांना घेऊन आम्ही त्या होडीतून जायचो. पावसाळ्याआधी होडीवाले होड्या काठावर पालथ्या घालून बूड खरवडायचे, फटी भरायचे आणि डांबर द्यायचे. दर वर्षी. त्यातल्या कुणीही मला कधी सांगितले नाही की यंदा एकदा केले म्हणजे सात वर्षे बघायला नको. पाण्याशी ज्यांचे पोट बांधलेले आहे त्यांना कळते की लाकडाची राखण हा सणासारखा दरवर्षीचा प्रकार आहे. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी मुद्दाम केलेले लवचिक वार्निश सुद्धा असते, ते लाकडाबरोबर वाकते. ते लावणारेही त्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हात देतात. सात वर्षांची गोष्ट फक्त तुम्ही सांगता.

आणि तुमच्या हमीपत्राचा कागद मी नीट वाचला. त्यात थेट ऊन वगळले आहे, साचलेले पाणी वगळले आहे, पायांनी होणारी झीज वगळली आहे. डेकवर याशिवाय दुसरे काय पडते ते मला सांगा.

डेक खरवडायला आम्हाला कार्तिकातले अकरा दिवस लागले. भाऊ, त्याचा मुलगा आणि एक सुतार. तुमचा थर निघतो तेव्हा सलग निघत नाही. उन्हात पडलेल्या फळ्यांवरून तो हात लावताच सुटतो आणि भिंतीच्या सावलीतल्या फळ्यांवर दगडासारखा घट्ट बसलेला असतो. निम्मे सुटलेले, निम्मे चिकटलेले, हेच अशा थराचे खरे दुखणे. वरून नवा हात देता येत नाही, कारण खालचे जुने निघायच्या बेतात असते. म्हणून दर वेळी सगळे मुळापर्यंत घासायचे. तेलाने मुरवलेल्या लाकडाचे असे होत नाही. ते नुसते फिके पडते. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा तेल द्यायचे, एका सकाळचे काम. माझे म्हणणे एवढेच आहे, साहेब: बाहेरच्या लाकडाला काय लावायचे हे ठरवताना पहिल्या दिवशी ते कसे दिसते हे बघू नये, पाचव्या वर्षी ते पुन्हा कसे लावता येईल हे बघावे.

खरवडलेला भुगा आणि पापुद्रे आम्ही खाली ताडपत्री अंथरून गोळा केले, दोन पोती भरली. पण त्याआधी दोन पावसाळ्यांत जे सुटून पाण्यात गेले त्याचे काय? पीयू हे प्लास्टिक आहे. घोड नदीचे पाणी दौंडच्या वर भीमेला मिळते. पावसाळ्यात दौंडहून उजनीत किती विसर्ग जातो याचे आकडे रोज पेपरात येतात. त्या विसर्गात तुमचे पापुद्रेही गेले. पुढे भिगवणच्या दलदलीत रोहित पक्षी चोच उलटी घालून चिखल गाळून खातात. त्याही पुढे सोलापूरकर उजनीचे पाणी पितात. एका डेकचे पापुद्रे किती, असे तुम्ही म्हणाल. फुगवट्याच्या दोन्ही काठांनी कृषी पर्यटनाची केंद्रे उभी राहत आहेत, शेताच्या उत्पन्नाला जोड मिळते आहे, मला त्याचा आनंद आहे. पण त्या प्रत्येकाच्या पाण्याच्या अंगाला एक डेक आहे, आणि त्यांतल्या चार डेकचे काम तुम्हीच केले आहे असे तुम्ही भावाला अभिमानाने सांगितले होते.

आम्ही आता काय केले ते लिहिते, कारण वाचणाऱ्यांत काहीजण डेक बांधायच्या विचारात असतील. पांढरी कड असलेल्या फळ्या काढल्या आणि गाभ्याच्या घातल्या. खांब मातीतून उचलून दगडी बैठकीवर, लोखंडी पट्टीत बसवले. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. फटी मोकळ्या केल्या. ओलावा मोजायचे छोटे यंत्र सुताराकडे होते. फळ्या १५ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत थांबलो. साग स्वतःच तेलकट असतो, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. मग बाहेरच्या वापरासाठीचे, लाकडात मुरणारे, बुरशीनाशक असलेले आणि थोडा तपकिरी रंग मिसळलेले तेल. रंग हवाच, त्यातले कण ऊन अडवतात, आणि बिनरंगाचे तेल या उन्हात फार लवकर हरते. वडिलांचे बेलतेल मी वापरले नाही. जवसाचे तेल बुरशीला अन्नच होते, पाण्याकाठी ते काळे पडते. वाड्याच्या पडवीत ते शोभायचे. फळ्यांची टोके दोन-तीनदा भिजवली, ती पीत गेली तेवढे दिले. पाठ, पोट, कडा, सगळीकडे. मार्गशीर्षात सकाळी सावलीत काम केले, भर उन्हात तेल वरच्या वर वाळते. वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढले, नाही तर चिकट राहते.

आणि एक सूचना जीव तोडून करते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखे वाळणारे तेल हवेशी मिसळून तापते आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्या भागात प्रत्येक रानात उसाचे पाचट पडलेले असते. फडकी एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

डेक आता चमकत नाही. भिजल्यावर गडद होतो, सुकल्यावर पुन्हा उजळतो. पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे. ते मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे, आत जिरले तर पुन्हा हात द्यायची वेळ झाली. भावाच्या दहा वर्षांच्या मुलाला ही परीक्षा जमते.

आता तुमच्याकडे माझ्या मागण्या. पैसे परत मागत नाही. ते भाऊ आणि तुम्ही बघाल. पण ज्या चार ठिकाणी तुम्ही हेच काम केले आहे तिथे स्वतः जा. ओल्या डेकवर कुणी पाऊल ठेवू नये असे मालकांना सांगा, आणि का ते खरे सांगा. पुढच्या बिलावर मालाचे पूर्ण नाव लिहा, तो आतल्या वापराचा की बाहेरच्या हे लिहा, आणि दर वर्षी काय करावे लागेल तेही लिहा. 'बघायला नको' हे शब्द जिभेवरून काढून टाका. लाकडाकडे बघावेच लागते.

तुमच्या पॉलिशची एक फळी आम्ही घासली नाही. काढून पडवीत उभी करून ठेवली आहे, फोडांसकट. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भाऊ ती दाखवतो.

अक्षय्य तृतीया झाली की मृगाच्या आधी आम्ही डेकला पुढचा हात देणार आहोत. त्या दिवशी या. सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत काम उरकायचे असते. चपला काठावर काढून ठेवा. आई पडवीत त्या फळीशेजारी खुर्चीवर बसलेली असेल. माझ्याशी किंवा भावाशी बोलण्याआधी तिच्याशी बोला.

— घोडनदीची एक सुतारकन्या